औषध बंद

– म्हणजे आजच्या फवारणीनंतर येणारच नाही तुम्ही? वर्षभर? अहो फवारणीवाले दादा, पंप खाली ठेवा आधी आणि नीट समजावून सांगा, मी काही फार शिकलेली नाही – झुरळं मरत नाहीत म्हणून औषध बंद, हे कुठलं शास्त्र? एरवी माणूस म्हणेल, मरत नाहीत तर दुप्पट मारा! हां. हां, तेवढं कळलं, औषध पचवणारीच तेवढी उरली आणि त्यांचीच पिल्लं आता सगळ्या मजल्यांवर. पुढे? अगं बाई! सगळा जीव विष पचवण्यातच खर्ची पडतो, म्हणून अंडी कमी? वाढही रखडते? तरीच! खालच्या मजल्यावरच्या त्या शिक्षिकेच्या ओट्यामागची झुरळं चप्पल उगारली तरी सावकाश निघतात – जशी काही निवृत्त झालीत. तर औषध थांबवलं की बाहेरून येणारी साधी झुरळं भराभर वाढणार, या सोसून दमलेल्यांना मागे टाकणार, आणि मग तुमचं औषध पुन्हा लागू पडणार. छान. झुरळांची सोय झाली. माझं काय?

नाही, माझं म्हणजे – बिल्डिंगचं हो. सगळे सकाळीच कामावर जातात, फवारणीसाठी म्हणून चाव्या माझ्याकडे ठेवतात, तुम्ही आलात की मी पुढे, तुम्ही मागे, दर महिन्याला घरोघर. फवारणीच नाही तर चाव्या कशाला ठेवतील? आणि मग कुणाचं काय चाललंय ते कळायचं कसं? शिक्षिकेने पलंग खिडकीशी ओढलाय, पाहिलंत ना? वरच्या शिंप्याकडे हल्ली एकच ताट निथळत असतं – बायको माहेरी गेलीय म्हणतो, पण कपाटावरची तिची मोठी बॅगही गेलीय, मला कळत नाही का? मघाशी तुम्ही म्हणालात, चला काकू, झालं, आणि मी म्हटलं, तो कोपरा राहिला – राहिला नव्हता हो. मी ताट पुसून जागेवर ठेवत होते. एरवी मला कोण आत या म्हणतं? दारातच बोलतात, हसतात, अगदी छान हसतात. त्याचं काही नाही मला. पूर्वी लागायचं, आता अंगवळणी पडलंय. फक्त जेवण जात नाही पूर्वीसारखं, आणि झोप – ते असो.

मी काय म्हणते, इतक्यात कुणाला सांगू नका. पुढच्या महिन्यात या, पंपात नुसतं पाणी भरून या. पाण्याने झुरळांचं काय बिघडणार? तुमचं शास्त्रही राहील. मी चकार शब्द काढणार नाही, तुम्हीही – अहो, हसताय काय, मनापासून सांगतेय मी. काय? मोबाइलवर कळवलंत? सगळ्यांना? कधी – सकाळीच?

बरं. बरोबरच आहे तुमचं, काम आहे ते. उचला पंप. निघा, ऊन चढलंय, आणि जाताना माझं दार तेवढं ओढून – नको. असू दे उघडंच.