कामाची दाढ

दंतवैद्य: ...आणि हे किती दिवस लपवलंत, काका?

गोळीवाला: लपवलं कुठे? तोंडातच होतं.

मुलगी: बाबा, सरळ सांगा ना. आठ दिवस झाले, डॉक्टर. पाण्याचा घोट घेतला तरी भिंतीकडे तोंड करतात. मला वाटायचं, माझ्यावर चिडलेत.

दंतवैद्य: उजवीकडची दाढ आहे. कीड आतल्या नसेपर्यंत पोचलीय, वरचा टवकाही उडालाय. असं काय चावता हो?

गोळीवाला: माल.

मुलगी: आमचा गोळ्यांचा कारखाना आहे, घरामागेच. साखरेचा पाक उतरवला की बाबा पहिली गोळी चावून बघतात, कडक झाली की नाही ते. सुट्ट्या तोंडावर आल्यात. दिवसाला वीस-पंचवीस घाणे निघतात.

दंतवैद्य: म्हणजे रोज पंचवीस गोळ्या फोडायच्या, त्याही एकाच दाढेवर?

गोळीवाला: तीस वर्षं. डावीकडची बिनकामाची आहे, नुसती जेवते.

दंतवैद्य: निदान मधे चूळ तरी भरता?

मुलगी: कसली चूळ? उलट एक गोळी गालात असतेच. ती विरघळली की दुसरी.

दंतवैद्य: तिथेच घोटाळा आहे. गोड खाण्याला माझी ना नाही. पण दिवसभर दाताला साखर लागून राहिली की दात किती सोसणार? सुट्ट्यांत घरोघरी हेच चालतं. डबा उघडाच, जाता-येता एक तोंडात, आणि गप्पांच्या नादात झोपताना ब्रश राहून जातो. सुट्ट्या संपल्या की माझ्याकडे ही झुंबड. अहो, जेवणाबरोबर खा, मनासारखं खा, मग चूळ भरा आणि डब्याला झाकण लावा.

गोळीवाला: हे माझ्या गिऱ्हाइकांना सांगू नका म्हणजे झालं.

दंतवैद्य: सांगते की. तरी ती तुमच्याकडे येतातच. मीसुद्धा येते.

गोळीवाला: मग एवढ्या सुट्ट्या निभावून न्या. दुखायचं थांबेल असं काहीतरी द्या. दहा दिवसांनी मी आपणहून या खुर्चीत येऊन बसतो.

दंतवैद्य: दहा दिवसांनी काढून टाकायलाच या मग. आज हात घातला तर वाचेल. नस काढायची, आतून साफ करून भरायची, पुढे वर टोपी बसवायची.

गोळीवाला: नस काढायची म्हणता.

दंतवैद्य: भूल देणार आहे. दुखणार नाही.

गोळीवाला: दुखण्याचं सोडा हो. नस काढली तर दाढेला कळायचं कसं? पाक कच्चा राहिला, ती सांगते. पुढे गेला, तीच सांगते. हात कापायला लागला, चष्मा जाड झाला, तेव्हा काही वाटलं नाही. पण दाढेची गोष्ट वेगळी. ही गेली तर भट्टीपाशी माझं काम काय उरलं?

मुलगी: हे मला कधी बोलला नाहीत, बाबा.

दंतवैद्य: काका, नीट ऐका. नस गेली की दाढेला गार-गरम कळत नाही. कडक-मऊ कळतं. ते मुळाभोवतीच्या पडद्याला कळतं, आणि त्याला मी हात लावत नाही.

गोळीवाला: खरं सांगताय, की मला खुर्चीत बसवायला?

दंतवैद्य: बसलेलेच आहात. पण एक आहे. यापुढे त्या दाढेवर गोळी फोडायची नाही. टोपी बसल्यावरसुद्धा नाही. तिनेही आता नुसतं जेवायचं.

गोळीवाला: म्हणजे फिरून तेच झालं. सुट्ट्यांचा माल बघणार कोण?

मुलगी: मी.

गोळीवाला: तू? तू कधी एक गोळी चावून पाहिली नाहीस.

मुलगी: चावत नाही. मोडते. गार पाण्यात पाकाची तार सोडायची, काढून कानाशी धरायची आणि मोडायची. झाला असेल तर टक् वाजतं. कच्चा असेल तर नुसती वाकते, आवाजच नाही. तीन वर्षं करतेय, तुमची पाठ वळली की.

गोळीवाला: तीन वर्षं? आणि बोलली नाहीस?

मुलगी: तुम्ही चार लोकांत सांगायचात, आमची विद्या दाढेत आहे म्हणून. मी मधे काय बोलणार? तुम्हाला वाईट वाटलं असतं.

गोळीवाला: मंगळवारी दाढ ठणकत होती. डावीकडून चावून बघितलं होतं मी.

मुलगी: माहीत आहे.

गोळीवाला: काय झालं होतं मंगळवारी?

मुलगी: दोन घाणे कच्चे राहिले होते. बरणीत एकमेकांना चिकटून ढेकूळ झालं असतं. तुम्ही चहाला गेलात, तेव्हा पाणी घालून परत आटवले.

गोळीवाला: तरीच. बुधवारी एक गिऱ्हाईक म्हणालं, काका, यंदाची गोळी काय ठणठणीत आहे. आणि मी आपला मान डोलावून मोकळा.

दंतवैद्य: काका, बाहेर चार जण बसलेत. भूल देऊ की नको?

गोळीवाला: एक मिनिट. पोरी, पिशवीत आहे का काही?

मुलगी: सकाळच्या घाण्यातली एक लांब कांडी आहे. डॉक्टरांसाठी आणली होती. जेवणाबरोबर खातील.

गोळीवाला: त्यांना अर्धी पुरेल. इकडे ये. माझ्या कानाशी धरून मोड.

(मुलगी कांडी मोडते.)

गोळीवाला: म्हणजे हा पाक झालेला?

मुलगी: झालेला.

गोळीवाला: मला नीट ऐकू आलं नाही. डॉक्टर, तुम्ही द्या भूल. आणि तू, दाढ बधिर होईपर्यंत अजून एकदा मोड. सावकाश.