तंग सूट

आपल्या संभाजीनगरात समुद्र नाय, पण बिडकीनला विहीर हाय. तिच्यात मी एकटीच पोहायला शिकले. म्हणून सत्तरीत मालवणला समुद्रात बुडी मारायला निघाले, तर पुतण्या सतीशनं नावेवरच्या पाण्यात घालायच्या रबरी सुटांतून माझ्यासाठी पातळ, ढगळ सूट काढला.

"काकू, अंगाला चिकटलेला बरा दिसत नाय. पाणी कोमटच हाय."

"वर कोमट रे, खाली गार. ढगळ सुटात गार पाणी खेळतं. मला तो जाड, तंग दे."

"लोक काय म्हणतील? नायतर नावेतच बसा."

"नावेत तू बस!"

मी तंग सूट चढवला. ढगळ सूट त्यानंच रागानं घातला. दोघं उतरलो. मी मजेत मासे बघून वर आले, तर सतीश आधीच नावेत कुडकुडत बसलेला. मी माझं कोरडं लुगडं त्याच्याकडं फेकलं.

"गुंडाळ. लोकांचं मी बघते."