वेणीफणी होईपर्यंत

चहा घेता घेता सांगतो, कारण यातला अपराधी मीच आहे. माझी पत्नी सुमन हिला अधूनमधून छातीत धडधड होई, दरदरून घाम फुटे, डोके ठणके. किरनापुराहून बालाघाटला डॉक्टरांकडे जायचे तर नीटनेटके जावे, म्हणून मी तिला आधी तोंड धुऊन, वेणी घालून, साडी बदलायला लावी. बसने पोहोचेपर्यंत झटका ओसरे आणि रक्तदाब सामान्य भरे. डॉक्टर म्हणत, “मास्टरजी, टेंशन है, बस.” घरी मी म्हणे, “सुमन, नाटक पुरे.”

सहा वर्षांनी ती बांधावर कोसळली. शेजारणींनी तिला चिखलाच्या साडीतच नेले. या वेळी झटका चालू असतानाच रक्तदाब मोजला गेला; तो भलताच चढलेला पाहून डॉक्टरांनी तिला नागपूरला पाठवले. नागपुरात मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ सापडली. तीच रक्तात अवेळी संप्रेरके सोडत होती. आधी औषधांनी रक्तदाब आवरला, मग गाठ काढली.

परवा पाहुण्यांना मी सांगत होतो, “वेळीच धावपळ केली म्हणून वाचली.” सुमन सर्वांसमोर कडाडली. मी सवयीने म्हणालो, “शांत हो, गोळी घे.”

“गाठ तं काढली न जी,” ती म्हणाली. “हा राग माहा हाय.”