पाळण्यातून रोज एक वस्तू जाते

...आणि उशी कुठे गेली म्हणून विचारलं, तर ती बाई मला सांगते, "काढली." काढली! बस्स, एवढंच! अहो, माझ्या बायकोनं, बाउकेनं, डोळे फोडून भरतकाम केलेली उशी ती, नातीचं नाव घातलंय त्यावर, नीन्के, गुलाबी दोऱ्यानं... आणि ही काल आलेली बाई पाळण्यात हात घालते आणि म्हणते काढली! तुम्हाला सांगतो, मला तिथंच संशय आला.

बाईचं नाव यांतिना. बाळंतिणीच्या घरी पहिला आठवडा देखभालीला येतात ना, त्यातली. येऊ दे की, इकडे आमच्या फ्रिसलंड प्रांतात घरोघरी येतात, कोण नको म्हणतंय? पण हिनं दारात पाऊल टाकलं नाही तोच जावयाला हुकूम, "बाळंतिणीचा पलंग ठोकळ्यांवर चढवा, मला वाकायचं नाहीये." आणि आमचा रेमर, साधा बल्ब बदलायचा तर चार वेळा सांगावं लागतं असा माणूस, पळत जाऊन ठोकळे घेऊन आला! मी जन्मभर कालव्यावरचा पूल उघडायची नोकरी केली. शिडाच्या बोटीवाले डोलकाठीची उंची सांगतात ना, सगळे थापा मारतात. "जाईल हो खालून, कशाला उघडता!" आणि मग कडाड्! तेव्हा माणूस ओळखायला मला कोणी शिकवू नये.

दुसऱ्या दिवशी पाळण्याच्या कडेनं लावलेली मऊ झालर गायब. मी म्हटलं, "अहो, पोरीचं डोकं आपटेल की गजांवर!" तर म्हणते, "आपटू दे. नाक तरी मोकळं राहील." ही काय बोलायची पद्धत झाली? मग रजई गेली. त्या जागी एक पातळ पांघरूण, तेही गादीखाली घट्ट खोचलेलं, आणि नात कुठे? पाळण्याच्या पार पायथ्याशी, पाय लाकडाला टेकलेले! वरचा अर्धा पाळणा रिकामा! मी विचारलं, "वरचा भाग काय भाड्यानं द्यायचाय?" हसलीसुद्धा नाही. मग विहीणबाईंनी आणलेलं लोकरीचं मेंढरू गेलं... आता खरं सांगतो, त्याचं मला काही वाईट वाटलं नाही. पण तत्त्व म्हणून काही आहे की नाही? रोज एक वस्तू! जाते कुठे? शेवटी मी तिच्या सायकलच्या पिशवीत डोकावलो. हो, डोकावलो! काय निघालं? एक सफरचंद आणि रेनकोट. माझा संशय आणखी वाढला. इतकी साधी पिशवी घेऊन कोण फिरतं हो?

तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर गप्प का बसलात? बुधवारासाठी! हिस्के, म्हणजे माझी लेक, कामावर परत जायला लागली की आठवड्यातला एक दिवस बाळ आजोबाकडे. कालव्याकाठच्या प्रत्येक म्हाताऱ्याला असा दिवस आहे, एक मीच राहिलोय. आणि त्या बुधवारावर विहीणबाईंचाही डोळा! हिस्केला विचारलं तर म्हणते कशी, "बघू या बाबा, यांतिना काय म्हणते." यांतिना! म्हणजे माझी परीक्षा, आणि परीक्षक ही!

मग मीही कंबर कसली. पाळणा गरम करायला आमच्या आईची पत्र्याची बाटली काढली, उकळतं पाणी भरलं, आणि बाळाच्या कुशीत ठेवणार तोच मागून आवाज, "झाकण खाली! पांघरुणाच्या वर! बाळापासून तळहातभर लांब! गळली म्हणजे?"

"गळत नाही हो, माझ्या आईची आहे!"

"म्हणूनच म्हणते."

डोकंच फिरलं माझं. त्यात दुपारी पाहुणे आले. बाळ झालं की आमच्याकडे देतात ते बडीशेपेच्या गुलाबी-पांढऱ्या गोळ्या लावलेले टोस्ट कुरकुर खात सगळे बसलेले, आणि यांतिना नीन्केला निजवते आहे. उताणी! मी उठलो आणि सगळ्यांसमोर विचारलं, "का हो बाई, आमच्या वेळी बाळ पालथं निजवायचं असायचं. कोणी सांगितलं होतं? तुमच्यासारख्याच एका बाईनं! असंच बोट नाचवत! आमची हिस्के पालथीच झोपायची. मग तेव्हाचं खोटं, की आताचं?"

कुरकुर थांबली. म्हटलं, आता सापडली!

यांतिना नीन्केचं पांघरूण खोचत होती. म्हणाली, "तेव्हाचं चुकलं, आजोबा. डॉक्टरांचंसुद्धा चुकलं. त्यांनी सांगितलं तसंच माझ्या आईनं केलं. माझ्या धाकट्या भावाला पालथं निजवलं. तो उठला नाही." आणि लंगोटांच्या घड्या घालायला निघून गेली.

मी खाली बसलो. समोर हिस्के, हनुवटीवर टोस्टचा चुरा, कशावर तरी हसतेय... रोज सकाळी मी तिला पाळण्यातून उचलायचो आणि ती उठायची. मला वाटायचं, उठायचंच असतं. भीती वाटली हो मला. इतक्या वर्षांनी, धडधाकट लेक समोर बसलेली असताना भीती वाटली.

तेव्हापासून संशय आहेच, फक्त यांतिनावरचा उठला आणि बाकी सगळ्यांवर बसला. दारात उभा राहायला लागलो मी. शेजारीण टेडी घेऊन आली... "टेडी बाहेर!" विहीणबाई शाल घेऊन आल्या... "हे काय? पाळण्यात? नाव काढू नका!" नीन्केच्या मानेला हात लावून बघायचा, घाम तर नाही ना. खोली तापली नाही ना. आणि इतकी गप्प का निजलीय ही? नाकाखाली बोट धरायचं. श्वास आहे? आहे. नक्की आहे? परत बोट. मग ती टाहो फोडायची, आणि मला कसं हायसं वाटायचं!

शेवटच्या दिवशी यांतिना हिस्केला म्हणाली, "बुधवार आजोबांना द्या. यांच्यासमोर पाळण्यात माशी शिरायची नाही." ऐकलंत? मला! विहीणबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पहिल्या बुधवारी छाती काढून गेलो, तर भिंतीवर कॅमेरा. म्हटलं, छान, लेक शहाणी आहे, पोरीवर नजर हवीच. पण जरा बघतो तर... पाळणा तिकडे आणि भिंग इकडे! तुम्हाला सांगतो, मला लगेच संशय आला. लावला फोन. "हिस्के, तुझा कॅमेरा चुकून माझ्या खुर्चीकडे वळलाय गं."

"चुकून नाही, बाबा. ती निजते शहाण्यासारखी. तुम्ही उठवता तिला, नाकाखाली बोट धरून. दिसतंय मला, ते उचललेलं बोट खाली घ्या बघू."

काय करता? घेतलं. आता दर बुधवारी बसतो, दोन्ही हात मांडीवर, नीट दिसतील असे.