रंग विचारणारा बाप

...नाही पण मी म्हणतो, रंग विचारला तर बिघडलं कुठं? सांगा ना! मी काय पगार विचारला? लग्नाचं विचारलं? वजन विचारलं? रंग! तोही मुलीचा नाही हो, मुलीच्या कॉम्प्युटरच्या पडद्याचा! आणि तोसुद्धा मी नाही विचारला, माझ्या प्रोग्रॅमनं विचारला... दर दहा मिनिटांनी. बरं, दर दहा मिनिटांनी म्हणजे जरा जास्तच झालं, मान्य! पण आधी ऐकून तर घ्या, मग ठरवा कोण चुकलं ते.

तुम्हाला सांगतो, मी कृष्णकांत, राहणार नवीन पनवेल, तिसरा मजला, लिफ्ट बहुतेक बंद. एका सहकारी संस्थेच्या संगणक विभागात एकतीस वर्षं काढली. आमच्या वेळी चित्रंबित्रं नव्हती. टर्मिनल! काळा पडदा, त्यावर अक्षरं, आपण टाइप करायचं, त्यानं उत्तर द्यायचं, विषय संपला. अजूनही मी त्यावरच काम करतो. परवा खालच्या विनायकरावांना "मी टर्मिनलवर काम करतो" एवढंच सांगायला गेलो, तर म्हणतात, "अरे वा! विमानतळावर लागलात? उलव्याला जागा घेऊन ठेवायला हवी होती हो आपण तेव्हा!" आणि पुढची वीस मिनिटं उलव्याचे भाव! मी आपला जिन्यात उभा, हातात कोथिंबीर. असो.

तर शोभा, माझी बायको. दोन वर्षं झाली तिला जाऊन. जायच्या आदल्या वर्षी तिनं माझ्याकडून एक काम करून घेतलं. ती सांगणार आणि मी टाइप करणार, तिच्या सगळ्या पाककृती. कारण सई, आमची एकुलती एक, नोकरीला सिंगापूरला, आणि जीभ मात्र आईच्या हाताला सोकावलेली. आता मी संगणकवाला माणूस! मी विचारणार, "मीठ किती ग्रॅम?" की ही कढईवरची नजर न काढता, "अहो, लिहा अंदाजानं!" "किती मिनिटं परतायचं?" "वास सुटेपर्यंत!" "कसला वास?" "सुटला की कळेल!" एकशे बारा पाककृती, आणि शप्पथ सांगतो, एकीतही आकडा म्हणून नाही!

त्या माझ्या इथल्या मशीनवर ठेवल्या, दाखवायला एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. सई तिकडून जोडून घ्यायची आणि तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात ती खिडकी दिवसभर उघडी असायची. आणि पहिल्याच आठवड्यात तक्रार! "बाबा, अक्षरंच दिसत नाहीत!" मी छान फिकट पिवळी अक्षरं केली होती, माझ्या काळ्यावर उठून दिसत होती. हिचा पडदा पांढरा! "बाबा, आधी टर्मिनलला विचारायचं ना, तुझा रंग कुठला म्हणून!"

विचारायचं? एकतीस वर्षं संसार केला मी त्या टर्मिनलशी, आणि त्याला विचारता येतं हे मला कोणी सांगितलंच नाही!

पण खरंच येतं हो. प्रोग्रॅमनं एक सांकेतिक चिठ्ठी पाठवायची, की ते मुकाट्यानं तीन आकडे परत पाठवतं, लाल किती, हिरवा किती, निळा किती. विचारलं की सांगतं! "बघते" नाही, "मग बोलू" नाही, व्हॉट्सॲपवरच्या त्या दोन निळ्या रेघा नाहीत. शोभा गेल्यापासून या घरात मी काही विचारलं आणि लगेच उत्तर आलं, असं पहिल्यांदा झालं. मी त्या दिवशी चाळीस वेळा विचारलं. आमच्याकडे नेऱ्याहून गंगाबाई येतात पोळ्यांना, त्या ओट्यापासून ओरडल्या, "काका, तुमी बोलता कोनाशी? घरात तं कोन नाय!" म्हटलं, "अहो, या पडद्याशी! विचारलं की सांगतं!" "काय सांगतं?" "काळा आहे म्हणतं!" "ता तं मना बी दिसतंय!"

आता यात एक गोम आहे. काही जुनी टर्मिनलं उत्तरच देत नाहीत. मग प्रोग्रॅम बसतो वाट बघत... बसतो म्हणजे बसतोच! म्हणून त्याला मर्यादा घालून द्यायची, सेकंदाचा पाचवा हिस्सा. तेवढ्यात उत्तर आलं तर ठीक, नाहीतर काळा धरायचा आणि पुढे चालायचं. एकदा मी ती मर्यादा फारच कमी ठेवली. प्रोग्रॅम विचारून उठून गेला, आणि उत्तर मागाहून आलं. घ्यायला कोणी नाही! मग ते आकडे पडद्यावर आपोआप उमटले, कीबोर्डला कोणाचा हात नसताना. गंगाबाईंनी लाटणंच टाकलं. "काका, कोनी हात नाय लावला! काय हाय ता?" मी नुसता बघत बसलो. उत्तर आलं होतं हो. विचारणारा थांबला नव्हता. शोभाचं शेवटचं दुखणं... जाऊ दे. तो विषय नाही आत्ता.

विषय सईचा. तर माझ्या लक्षात काय आलं, सई ऑफिसात असली की पडदा पांढरा ठेवते आणि घरी आली की डोळ्यांना त्रास नको म्हणून काळा करते. आणि लॅपटॉप मिटला की उत्तरच नाही, म्हणजे झोपली. फोन म्हणाल तर पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी, अकरा मिनिटं. "जेवलात? गोळी घेतलीत? गंगाबाई येतात ना? ठेवते हं." पोरगी वाईट नाही हो, कामात आहे. आणि माझ्याकडे सांगण्यासारखं तरी काय असतं? लिफ्ट बंद आहे, हे किती वेळा सांगायचं? मग मी प्रोग्रॅमला सांगितलं, दर दहा मिनिटांनी विचार बाबा. सकाळी सातला पांढरा... पोचली ऑफिसला. साडेचारला मी चहा टाकायचो, तिकडे सात वाजलेले, आणि पडदा काळा! आली बाई घरी. मग मी चहा प्यायचो. रोज ठरवायचो, काळा झालाय, आता लावू फोन... आणि नाही लावायचो. दमून आली असेल.

आणि मग माझी बुद्धी फिरली! शोभाचा वाढदिवस आला, म्हटलं, तिच्या पाककृती हळदीच्या रंगावर दाखवू. तिची बोटं कायम पिवळी असायची. आता दुसऱ्याच्या पडद्याचा रंग बदलायचा तर रीत असते. आधीचा विचारून ठेवायचा आणि निघताना होता तसा करून द्यायचा. कोणाकडे जेवायला गेलो तर पाट उचलून जागेवर ठेवतो ना आपण, तसं! मी विचारला, नीट जपून ठेवला, हळद लावली... आणि निघताना परत करायचाच विसरलो! सईनं माझा प्रोग्रॅम बंद केला आणि वीस जणांच्या मीटिंगमध्ये स्वतःचा पडदा दाखवला. पिवळाधमक! साहेब म्हणतो, "सई, इज धिस अ न्यू थीम?"

फोन! मंगळवारी! बेचाळीस मिनिटं! "बाबा, तुम्हीच मला शिकवलंत ना वस्तू जागेवर ठेवायला? माझ्याच पडद्यावर हा उद्योग?" काय झाडली हो मला! मी स्पीकर लावून ठेवला, घर कसं भरल्यासारखं वाटत होतं. गंगाबाई कुजबुजल्या, "काका, बोलनी खाता नि हसता काय?" तेवढ्यात सई म्हणाली, "थांबा, तुमचा कोडच उघडते." आणि तिकडून खटखट कळा वाजल्या.

"बाबा... दर दहा मिनिटांनी रंग का विचारताय?"

म्हटलं, "अगं म्हणजे... मध्येच रंग बदलला तर अक्षरं दिसायला नकोत का..."

सेकंदाचा पाचवा हिस्सा कधीच उलटून गेला होता. मी मात्र थांबलो.

"मी घरी आले की काळा होतो, म्हणून?"

"चहा घेतो मी तेव्हा," म्हटलं.

"ठेवते," म्हणाली.

झालं! त्याच दिवशी चूक दुरुस्त केली, दहा वेळा तपासली. दुसऱ्या सकाळी प्रोग्रॅमनं विचारलं, उत्तर... हळद! पुन्हा तपासलं. चहाच्या वेळी, हळद! दोन दिवस डोकं फोडलं, शेवटी मीच फोन लावला. "सई, ती चूक जातच नाहीये गं!" तर म्हणते, "चूक नाहीये बाबा. मीच ठेवलाय तो रंग. ऑफिसातही आणि घरीही. आईचा आहे ना." आणि मग म्हणाली, "आता पडद्याला नाही विचारायचं. मला विचारायचं. फोन करायचा, कधीही."

रडलो. खोटं कशाला बोलू, गंगाबाईंसमोर रडलो. त्यांनी न विचारता चहा टाकला.

तेव्हापासून फोन करतो हो! पहिल्या दिवशी केला, "बाबा, मीटिंगमध्ये आहे, करते हं." दुसऱ्या दिवशी, "बाबा, ट्रेनमध्ये आहे, काही ऐकू येत नाहीये!" तिसऱ्या दिवशी नुसती रिंग. प्रोग्रॅमला मी थांबायची मर्यादा घालून दिली, मला कोण घालून देणार? मी आपला ती रेकॉर्डवरची बाई 'उत्तर मिळत नाही' म्हणेपर्यंत फोन कानाला लावून बसतो. आज पुन्हा साडेचारला लावला, परत मीटिंग! गंगाबाई म्हणतात, "काका, पयले तुमाला बरोबर कलायचा, पोर घरी आली का नाय ता."

कळायचंच! आणि आता? दिवसभर हळद! त्या टर्मिनलचा काही दोष नाही, ते बिचारं अजूनही, विचारलं की सांगतं! सकाळी हळद, दुपारी हळद, चहाला हळद! आता तुम्हीच सांगा, पोरीनं माझ्यावर एवढी माया करायची काही गरज होती का? निदान काळं-पांढरं तरी कळत होतं!