मी आणि सो-हुइ: दोघींचं पथक

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका ब्यॉन सू-जंग, व्यासपीठावरील पालक संघाचे मान्यवर, उद्यापासून पथकाची धुरा वाहणारी कुक हे-रान, समोर बसलेल्या माझ्या अकरा स्काउट मुली, आणि एवढ्या बर्फातून आलेले गावकरी हो,

मुख्याध्यापिका बाईंनी माझं फार कौतुक केलं. या तक बुन-ईनं, म्हणजे मी, चौतीस वर्षं मुलींचं स्काउट पथक चालवलं, म्हणाल्या. खरं सांगू? त्यातल्या एका वर्षी पथकात एकच मुलगी होती. आज तिच्याबद्दलच बोलावं म्हणते.

कोळशाची खाण बंद झाली तो हिवाळा जुन्या मंडळींना आठवत असेल. ट्रकवर सामान चढवून घरंच्या घरं आन्सान शहरातल्या कारखान्यांकडे निघाली. आदल्या वर्षी पथकात सव्वीस मुली होत्या. मार्चमधला नव्या शालेय वर्षाचा पहिला शनिवार आला. मी शाळेच्या सभागृहात शेगडी पेटवली, झेंडा बांधला आणि वाट बघत बसले. आली फक्त पाचवीतली मेंग सो-हुइ.

"बाकीच्या कुठं गं?"

"गेल्या सगळ्या. आता मीच पथक, बाई."

"एकटीचं कुठं पथक असतं का?"

"मग तुम्ही पण उभ्या राहा ना रांगेत!"

राहिले. काय करणार? स्काउटचं वचन तिनं मला दिलं, मी तिला. वसंतात आम्ही डोंगरावर तंबू ठोकला आणि माझी खुंटी उपटली, तर कमरेवर हात ठेवून म्हणते, "बाई, तंबूचा बिल्ला तुम्हाला आता पुढच्या वर्षी!" हसताय काय मुलींनो, खरंच नाही दिला तिनं.

माझे यजमान खाणीतच गेले, हे आपण जाणता. मूलबाळ नव्हतं. त्या वर्षी मात्र शनिवारी माझ्या घरी दोघींचा भात शिजू लागला.

ऑक्टोबरात तिच्या वडिलांना शहरात काम लागलं. सो-हुइ कपड्यांचं गाठोडं घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात.

"बाई, सहावी होईपर्यंत मला तुमच्याकडे ठेवून घ्या. मी भांडी घासीन. आई म्हणाली, बाईंची हरकत नसेल तर राहा."

मी काय उत्तर दिलं असेल? "मुलीनं आईजवळच असावं." किती शहाणं वाक्य! पण ते खरं नव्हतं. ती राहिली असती आणि वर्षभरानं गेली असती, तर मला ते सोसलं नसतं. भीती माझी होती, ती मी तिच्या आईच्या नावावर खपवली.

पोर रडली नाही. गळ्यातला स्कार्फ काढला, नीट घडी घालून ओट्यावर ठेवला. "हा पथकाचा आहे," म्हणाली आणि गेली.

पुढच्या मार्चमध्ये कुणीच आलं नाही. तरी मी दर शनिवारी सभागृह उघडलं. शाळेच्या शिपायानं विचारलं, "बाई, वाट कुणाची बघताय?" मी म्हटलं, "झाडून घेते." त्या शरदात दोघी आल्या, मग पाच जणी.

नऊ वर्षांपूर्वी सो-हुइ लेकीला घेऊन भेटायला आली. रताळी भाजून खाल्ली, पोट धरून हसलो. बसस्थानकावर मी धीर केला. "तेव्हा ठेवून घेतलं असतं तर गं?"

"वर्षभर रागावले होते बाई तुमच्यावर. मग विसरून गेले," ती म्हणाली. बस आली. ती विसरली, याचं बरं वाटायला हवं होतं, नाही का? घरी आले आणि तिला देता आली असती त्या मोकळ्या खोलीच्या दारात बराच वेळ नुसती उभी राहिले.

असो. म्हातारीनं निरोपाच्या दिवशी हे काय काढलं, असं वाटलं असेल, तर उदार मनानं पोटात घाला. आपण दिलेल्या प्रेमाची मी कायमची ऋणी आहे.

आणि मुलींनो, उद्या शनिवारी नऊ वाजता पथकाचं नवं वर्ष सुरू होतंय. मला बोलावू नका. बोलावलंत तर मी लगेच येईन, आणि मग हे-रानला मला घरी पाठवणं अवघड जाईल.