बाण पार गेला होता

आमची वाडी कुडाळपासून आत, डोंगराच्या पायथ्याला, आणि वाडीत बंदूक एकच, ठासणीची, माझ्या काकांकडे. भात पिकायला आलं की रानडुकरं उतरायची, मग हाका निघायचा, माणसं डबे बडवत रान उठवायची आणि काका वाटेवर दबा धरून बसायचे. बार झाला की सगळ्यांनी धावत सुटायचं, कारण खालच्या वाडीची माणसं आधी पोचली तर डुक्कर त्यांचं, आणि आपल्यातला जो पहिला हात लावेल त्याला काळजाचा वाटा. मी पायाने हलका होतो, काळीज बऱ्याचदा आमच्याच घरी यायचं, आई म्हणायची, आमचा वसंता बार व्हायच्या आधीच सुटतो. हे मुद्दाम आधी सांगतोय, म्हणजे पुढचं तुम्हाला कळेल.

मुंबईला टूलरूममध्ये काम शिकलो, तिथून सिडनीला आलो, वर्कशॉपमध्ये शेजारच्या लेथवर रॉन होता. रॉन माणूस कमी बोलणारा, हात सोन्याचा. त्याला धनुष्याच्या शिकारीचं वेड होतं, आणि तेही जुन्या पद्धतीचं, लाकडी धनुष्य, लाकडी बाण. काड्या तो घरी तासायचा, टर्कीची पिसं स्वतः चिकटवायचा. बाणांची पोलादी पाती मी घासून द्यायला लागलो आणि तशी मैत्री झाली. त्याची मुलगी केरी, एकुलती एक, जनावरांच्या डॉक्टरकडे नर्स होती, माग काढण्यात बापाच्या पुढे. मला वॅस म्हणायची. आमच्या घरच्या फोडणीचा वास कपड्यांना लागायचा म्हणून माझे शिकारीचे कपडे त्यांच्या शेडमध्ये टांगलेले असायचे, केरी म्हणायची, वॅस, तू घरचा स्वेटर घालून आलास तर डुकरं ताटं घेऊन येतील.

रॉनने मला शिकवलं ते साधं होतं. गोळी म्हणजे घण, बाण म्हणजे कोयता. गोळी लांबून मारता येते, तिचा धक्का बसतो, हाड फुटतं, जनावर कितीदा जागच्या जागी कोसळतं. बाणाला तो धक्का नसतो, बाण नुसता कापतो. त्यासाठी जवळ जावं लागतं, जनावर आडवं उभं असावं लागतं, बाण जड हवा, पात्याची धार अशी हवी की हातावरची लव निघाली पाहिजे. मग फुप्फुसं कापली जातात आणि जनावराला नीट कळतही नाही काय झालं, गांधीलमाशी चावल्यासारखं दचकतं, थोडं चालतं, आडवं पडतं. पण त्याच्या मागे लागलात तर ते घाबरतं, आणि घाबरलेलं जनावर अंगात रक्त आहे तोवर पळतं, नाहीतर उलटतं. म्हणून बाण सोडला की बसायचं. थर्मास काढायचा, चहा ओतायचा, तो संपेपर्यंत कोणी उठायचं नाही, बोलायचंही नाही. ही रॉनच्या घरची रीत होती. मी ती पाळायचो, पण काय सांगू तुम्हाला, चहा पिताना माझ्या मांड्या थरथरायच्या. बंदुकीची सवय लागलेले पाय ते.

त्या दिवशी आम्ही सिडनीच्या पश्चिमेला, लांब, नदीच्या दलदलीत होतो, डोक्याच्या वर लव्हाळी, आत शिरलं की हाताभरापलीकडचं दिसत नाही. रॉनचा गुडघा दुखत होता, तो गाडीपाशी राहिला, मी आणि केरी पुढे. टळटळीत दुपार. एक काळा नर चिखलात लोळायला आला, मोठा, सुळे बाहेर आलेले, आणि आमच्यासमोर अगदी आडवा उभा राहिला. मी बाण सोडला. बाण दिसेनासा झाला, पिसांसकट. डुक्कर हुंकारलं, जरा चाललं, मग दुडक्या चालीने लव्हाळ्यात शिरलं. केरीने माझ्या खांद्यावर हात ठेवला, बस. तिने थर्मासचं झाकण फिरवलं. आणि आत कुठेतरी लव्हाळी मोडल्याचा आवाज आला आणि मी उठलो.

का उठलो ते मला आजही सांगता येत नाही. ठरवून नाही उठलो. उठलो आणि धावलो. केरी ओरडली नाही, ओरडणं तिथे चुकीचं होतं, ती माझ्या मागे आली, हळू आवाजात वॅस, वॅस म्हणत. आत लव्हाळ्यावर रक्त होतं, गुलाबी, फेस असलेलं. गुलाबी फेस म्हणजे फुप्फुसं, म्हणजे काम झालेलं आहे, फक्त थांबायचं आहे, हे मला माहीत होतं, तरी पाय थांबेनात. मग मला त्याचा श्वास ऐकू आला, फाटक्या भात्यासारखा, आणि मला भीती वाटली. अशी भीती की हातातलं धनुष्य कुठे पडलं कळलं नाही. ते आडवं झालेलं होतं. मला बघून उठलं. सरळ आलं. आणि मी बाजूला झालो. माझ्या मागे केरी होती हे मला माहीत होतं, माहीत नव्हतं, दोन्ही खरं आहे. मी बाजूला झालो.

त्याने तिच्या मांडीला सुळा मारला आणि जरा पुढे जाऊन कोसळलं, मेलं. एवढाच त्याचा जीव उरला होता. सुळ्याने तेच केलं जे बाण करतो. कापलं. मी पट्टा काढून आवळला, दोन्ही हातांनी दाबून धरलं, रॉनला हाका मारल्या. आम्ही तिला गाडीत घातलं, पण गाव लांब होतं.

रॉनने मला एकदाच विचारलं, काय झालं. मी म्हटलं, आम्ही बसलो होतो रे, ते आमच्यावर परत आलं. तो म्हणाला, बाण? मी बोटाचं पेर दाखवलं, एवढाच गेला, खांद्याच्या जाड कातड्यात अडकला. मोठ्या नराला खांद्यावर तसं कवच असतं, त्यामुळे हे खोटं कोणालाही पटण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी पोलिसाला जागा दाखवायला मीच गेलो. चिखलाच्या पलीकडे बाण उभा होता, दोन्ही फुप्फुसांतून पार गेलेला, पातंसुद्धा वाकलेलं नाही. पोलिसाचं लक्ष डुकराकडे होतं. मी बाणावर पाय दिला आणि तो चिखलात दाबला.

त्यानंतर रॉनने उरलेले बाण शेडच्या मागे जाळले. शिकारीच्या ओळखीतल्या सगळ्यांना सांगत सुटला, धनुष्य सोडा, बंदूक घ्या, माझ्या बाणाने माझी मुलगी मारली. बायको त्याला सोडून गेली ती ह्याच वाक्याला कंटाळून. मी दर ख्रिसमसला जायचो, समोर बसायचो, तो स्वतःचे हात उलटसुलट करून बघायचा आणि मी बीअर प्यायचो. मला पोलिसाची भीती नव्हती, देवाचीही फारशी नव्हती. मला भीती होती ती रॉन एक दिवस डोकं वर करून विचारेल, वॅस, खरं सांग. त्याने कधीच विचारलं नाही. ते जास्त वाईट होतं.

आता मी सिडनीतच, स्कोफिल्ड्सला, मुलाकडे असतो. मागच्या महिन्यात बॅकयार्डमध्ये बार्बेक्यू होतं, मुलाच्या ऑफिसातला अनिकेत आला होता, पुण्याचा, चांगला मुलगा, नवीनच शिकारीचा नाद लागलाय. म्हणाला, काका, तुम्ही पूर्वी करायचात ना? मला तर एकाने सांगितलं, धनुष्याच्या भानगडीत पडू नकोस, बाणाने डुक्कर मरत नाही, नुसतं चवताळतं, एक मुलगी गेली होती म्हणे अशीच, बापानेच केलेला बाण होता. माझ्या हातातली प्लेट खाली पडली. नात म्हणाली, आजोबा, यू ओके? मी म्हटलं, नो वरीज बाळा. माझं खोटं फिरत फिरत माझ्याच अंगणात जेवायला आलं होतं, आणि त्यात रॉन अजून गुन्हेगार होता.

रॉन आता वेस्टमीडच्या पलीकडे एका नर्सिंग होममध्ये आहे. मागच्या रविवारी ट्रेनने गेलो. स्टेशनवर बराच वेळ बाकावर बसलो, परतीची ट्रेन आली, ती जाऊ दिली. खोलीत गेलो, खुर्चीवर बसलो असतो तर न सांगताच परत आलो असतो, म्हणून उभ्याउभ्याच सांगितलं. बाण पार गेला होता, मी धावलो, मी बाजूला झालो, बाण मी चिखलात गाडला. तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलं हातातला कप फेकून मारेल. मारला असता तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, मी पोचायच्या आधी ती काही बोलली का? मी त्याला नेहमी सांगितलं होतं की ती शुद्धीत नव्हती. म्हटलं, बोलली. तिने विचारलं, ते पडलं का? मी म्हटलं, पडलं. ती म्हणाली, गुड, आता त्याला त्रास नको.

रॉनने भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाला, ती अशीच होती, आधी जनावराचं बघायची. आणि मग, जा तू आता. येऊ नकोस म्हणाला नाही, ये म्हणाला नाही.

लिहिताय ना? जसं सांगितलं तसं लिहा, माझ्या बाजूने काही गोड करू नका. बाण चांगला होता, धार चांगली होती, करणाऱ्याचा हात चांगला होता. अनिकेतला सगळं सांगितलं आहे, तोही आता शिकारीवाल्या सगळ्यांना सांगेल. उद्या परत रविवार आहे, मी जाणार. दारातून हाकललं तर कॉरिडॉरमध्ये खुर्च्या आहेत, तिथे बसेन. भीती वाटते, अजूनही वाटते, रात्री कूस बदलली तरी लव्हाळी मोडल्यासारखं होतं. ते माझं मी बघेन. त्या म्हाताऱ्याला मात्र आता चार दिवस तरी स्वस्थ झोप लागू दे.